दोन खुणांच्या मध्ये

भटूअण्णाने व्हॅन आणली ती पारोळ्याच्या बाजाराच्या दिवशी,
नेमका मी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा.
"गाडी तेल पेस, भाऊ. आठ दिनमा लिटर."
मीटर तीन लाख बारा हजारांवर थांबलेला,
तोही दोन वर्षांपूर्वी.
पुढचे किलोमीटर कुणी मोजले नाहीत,
शाळेची पोरं तेवढी मोठी होऊन उतरत गेली.

मी आधी काही उघडत नाही.
उघडायला पाना लागतो, मिटवायला पैसे.
रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला.
सकाळी त्यावर थेंब नाही,
मांजराची पावलं फक्त.
रेडिएटरचं पाणी दोन बोटांत चोळून पाहिलं,
साय नाही, चिकटपणा नाही.
म्हणजे सांडत नाही, मिसळत नाही,
जळतं.

आता धुराला विचारायचं.

पहिल्या चावीला निळा भपका येऊन विरला
तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत,
रात्रभर ठिबकलेलं पहाटे पेटतं.
उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर आला
तरी बहुतेक तेच.
पण भरल्या गाडीला, चढावर,
शेपटीसारखा लागून राहिला तर रिंगा.
आणि रिंगा म्हटलं की
भटूअण्णा खिशातली डायरी उघडून उगाच बंद करतो,
मुलगी नर्सिंगला आहे धुळ्याला.

पुढचं सीट उचललं. खाली इंजिन,
एकोणीस वर्षं याच्या बुडाखाली तापत आलेलं.
प्लग काढले. पहिला तपकिरी, तिसरा तपकिरी,
मधला ओला, काळा.
गेज लावला, अण्णाला म्हटलं, मार चावी.
एकशे साठ. एकशे वीस. एकशे पंचावन्न.
मधल्यात चमचाभर तेल सोडून परत मोजलं,
काटा एकशे पंचेचाळीसला गेला.
रिंगांचीच फट.
पण एवढ्याशा फटीतून
आठवड्याला लिटर जात नाही.
माझं गणित जुळेना,
चहा आला, गार झाला.

मग एअर फिल्टर काढला.
पापडासारखा कोरडा हवा होता,
भज्यासारखा निथळत होता.
ब्रीदरच्या नळीतून तेल वर चढून
इंजिन स्वतःच आपलं पीत होतं.
नळी मोकळी, झडप मोकळी.
शेवटी काढली ती डिपस्टिक,
जी सगळ्यांत आधी काढायची असते,
आणि जी अण्णा रोज काढतो म्हणून मी काढली नव्हती.

दोन खुणांच्या मध्ये असायचं तेल
वरच्या खुणेच्या दोन बोटं वर.

"कुठे बघतोस रोज?"
"घरी. दारमा."
दार म्हणजे किल्ल्याकडचा उतार,
गाडी तिथे वाकडी उभी राहते,
कांडी खोटं बोलते,
अण्णा ओततो.

तो बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला.
मग म्हणाला, बहादरपूरच्या रस्त्याला
इंजिन पकडलं होतं एकदा. अकरा पोरं.
दुपारचं ऊन, झाड नाही,
सगळ्यात लहानीला त्याने चालत नेली, खांद्यावर.
"तवयपासून मी जरा जास्तच भरस, भाऊ.
पोरे बठेल ऱ्हातस मन्हा मांगे."

मी काही बोललो नाही.
जास्तीचं तेल बाटलीत काढलं, फिल्टर बदलला.
मधलं सिलिंडर दिवाळीपर्यंत ओढेल,
असं सांगितलं, खात्री नव्हती.
सपाट जागा दाखवली: शाळेचं पटांगण,
गाडी बंद करून दहा मिनिटं थांब,
पुस, बुडव, मग बघ. आणि लिहून ठेव.

पंधरा दिवसांनी वही घेऊन आला.
आकडे पोरांनी लिहिलेले, पेन्सिलने,
एका पानावर डिपस्टिकचं चित्र,
दोन खुणांच्या मध्ये रंगवलेली काळी रेघ,
बाजूला सूर्य, विनाकारण.
पंधरा दिवसांत गेलं ते जेमतेम पावशेर.

सोमवारी मात्र धूर येतोच, म्हणाला,
रविवारी उभी राहिल्यावर.
येणारच, म्हटलं. सील आहेत ते.
आणि तो गेला, आणि मी रस्त्यावर उभा राहून
चढापर्यंत मागे बघत राहिलो,
निळं काही दिसतं का.