गाळलेली नावं

अल ऐनच्या उंटबाजारातून
इद्रिस बर्फाचा डबा घेऊन येतो.
सांडणीला नुसती सर्दी, म्हणतो,
दोन दिवस शिंकली आणि लागली चरायला.
त्याचा चुलतभाऊ एकवीस दिवस नळीवर होता.
विषाणू तोच.
एवढाच आमचा प्रश्न. बाकी सगळी यंत्रं.

थाळ्या दोन:
एकीत सांडणीच्या नाकातल्या पेशी,
दुसरीत माणसाच्या फुप्फुसातल्या.
दोन्हींत तोच पाहुणा सोडला
आणि अठरा तासांनी सगळं मारून, फोडून
ट्रिप्सिनच्या हवाली केलं.
लायसिन दिसलं की तोड, आर्जिनिन दिसलं की तोड,
गप्पा मारता मारता गवार मोडावी
तसं, न बघता.

आता रात्रभर यंत्र तुकड्यांची वजनं करणार.
बाहेर एक्केचाळीस, आत अठरा.
मी सुमनआत्याने विणलेला स्वेटर घालून बसते.

पाहुण्याचं स्वतःचं असतं तरी काय?
पंचवीसेक प्रथिनं, एका पिशवीतला संसार.
चूल यजमानाची, हमाल यजमानाचे,
आणि घंटा वाजवायला ठेवलेला रखवालदार
त्याला हा आल्या आल्या गप्पांत गुंतवतो.
माणसाच्या थाळीत रखवालदार उशिरा भानावर येतो,
आणि मग घाबरून
घरालाच आग लावतो.

पहाटे तीनला यादी उमटते.
सगळ्यात वर: केराटिन, मानवी.
ती मीच. माझ्या मनगटाची कातडी.
त्याखाली: केराटिन, मेंढीचं.

आमच्या प्रयोगात मेंढी नाही.

रीम मान वर न करता म्हणते, तुझा स्वेटर.

मिरजेच्या बाजारातली लोकर,
आत्याच्या सुया, तिचं पुटपुटत टाके मोजणं,
एवढ्या लांब येऊन
दशांशाच्या चार स्थळांपर्यंत अचूक
पकडलं गेलं.
नियम असा की ही नावं गाळायची.
दूषण म्हणतात त्याला. एक कळ आहे.
मी ती दाबते. आत्या जाते, मीही जाते,
यादी स्वच्छ होते.
नऊ वर्षं दर दोन वर्षांनी
माझाही कागद असाच कुणीतरी तपासतं.

सकाळी इद्रिस दारातूनच विचारतो,
मिळालं काही? काय आहे तिच्यात?
नक्की नाही, मी म्हणते.
पण तिचा रखवालदार लवकर जागा होतो बहुतेक.
तो हसतो, रिकामा डबा काखेत मारतो.
ती झोपते कुठे, म्हणतो,
रात्रभर रवंथ करत माझ्याकडे बघत असते.