दहा-तीस

मूस जॉला बर्फ पडायच्या आत
ऑरेस्ट पॉन्टिअ‍ॅकखाली शिरतो,
काळं तेल परातीत उतरू देतो.
आता मे उजाडेपर्यंत गाडी हलायची नाही.

"उन्हाळ्यापुरती तर चालवतोस," शेजारचा लायल म्हणतो,
"वीस-पन्नास घाल. जुन्या इंजिनाला दाटच मानवतं."

खरंय.
त्या वर्षी दाटच होतं.
जानेवारी, उणे अडतीस,
ट्रक मुलाने नेलेला,
दार्काच्या छातीत कळ,
आणि किल्ली फिरवली तर इंजिन
काकवीत रुतल्यासारखं
एकदा कण्हलं. बस्स.

ऑरेस्ट वाद घालत नाही.
नरसाळं पुसतो,
दहा-तीसचा डबा तिरका करतो.
पातळ धार उतरत राहते
कुठेही न जाणाऱ्या गाडीत.

डिपस्टिक काढून
दोनदा बघतो.
किल्ली मात्र
स्वयंपाकघरात, तिच्या कोटाशेजारी.