निळा जाईपर्यंत

क्लिसाच्या बाजारात आई मुको विकायची, वजनावर.
मुको म्हणजे : मक्याचं पीठ चिमटी-चिमटीनं तोंडात घ्यायचं,
थुंकीनं भिजवत जिभेनं टाळूला दाबायचं,
चावायचं नाही, गिळायचं तर नाहीच,
आणि अंगठ्यानं सोडवून बाहेर काढायची
टाळूचा ठसा उठलेली एक पांढरी वडी.
ती उन्हात वाळवायची. तिची पुढे चिचा व्हायची,
लोक पिऊन नाचायचे, कुणाच्या तरी लग्नात.
हिरड्या सोलून निघायच्या तिच्या.
संध्याकाळी ती बोलायची नाही.
आम्हाला वाटायचं, रागावलीय.

मी आता शाळेत रसायन शिकवते.
पहिल्या दिवशी फळ्यावर एक डोंगर काढते.
अलीकडे पिष्ट, पलीकडे साखर.
साखर खालच्या अंगाला आहे, मुलांनो,
पण उताराला लागायचं तरी आधी चढावं लागतं.
म्हणून पीठ डब्यात वर्षभर पीठच राहतं,
म्हणून लाकूड आपणहून पेटत नाही, आणि आपणही,
सगळे या चढाच्या कृपेनं टिकून आहोत.
मग विकर काय करतं?
डोंगर हलवत नाही. कुणाला ढकलत नाही.
खिंड पाडतं.
आणि लाखो जण त्या खिंडीतून पार झाले तरी
स्वतः जसंच्या तसं.

"एक ओरखडासुद्धा नाही?" विल्बेर विचारतो,
ओरूरोहून आलेला, खाणवाल्याचा पोरगा.
नाही.
"मग पप्पांपेक्षा बरंय त्याचं."

वर्ग हसतो. मी खडू पुसत राहते.
माझ्या बापानंही डोंगर पोखरला, उन्सियाला,
अठरा वर्षं, गालात कोकाचा तोबरा धरून.
कथील पार झालं.
डोंगर त्याच्या छातीत राहिला.

आई गेली जूनमध्ये, सान हुआनच्या थंडीत.
माळ्यावर एक थैली सापडली, गच्च बांधलेली.
आत सव्वीस वड्या.
हल्ली चिचावाल्या मोड आलेला मका वापरतात,
मुको कुणी विचारत नाही. तिनं तरी केल्या होत्या.
प्रत्येकीवर तिची टाळू,
डावीकडे पडलेल्या दाढेच्या जागी
छोटासा उंचवटासुद्धा.

शाळेतून आयोडीन आणलं.
एक वडी कुस्करली, मक्याच्या पेजेत कालवली.
तापमापी होती, पण बोटच घातलं, ती घालायची तसं :
चटका बसावा, पण बोट काढावंसं वाटू नये.
जास्त तापलं तर मरतं ते. एवढं एकच त्याचं नाजूकपण.

बशीवर पेजेचा थेंब, त्यावर आयोडीनचा.
शाईसारखा काळानिळा.
पाच मिनिटांनी दुसरा. तोही निळाच.
मी उगाच पदार्थाला दोष दिला, मग बाटलीला.
तिसरा जांभळट.
चौथा विटकरी.
बाहेर कुणाचा तरी ट्रक सुरू होत नव्हता, पुन्हा पुन्हा खोकत होता.
सहावा थेंब नुसता पिवळा, आयोडीनचाच रंग,
निळं व्हायला काही उरलंच नव्हतं.

पेज कोमट आहे, काम पडलंय,
एवढंच त्याला कळतं.
बाई गेली, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

भांड्यातली चमचाभर पेज जिभेवर घेतली.
गोड.
बराच वेळ गिळली नाही.

पंचवीस उरल्यात. थैली परत बांधून ठेवली.
गाठ तिच्यासारखी बसली नाही.