रायबंदर–चोडण, शेवटची फेरी

फेरीबोटीत आज तीनच माणसं.
खलाशी, मी,
आणि काळ्या काचेआड बोस्त्यांव,
त्याच्या लेखी मी अजून कोलवाळच्या तुरुंगात.

म्हापशाच्या सराफाची तिजोरी मी उघडली होती
सव्वादोन मिनिटांत,
कान पोलादाला लावून.
शाबी गाडीत घड्याळ बघत बसलेला.
बोस्त्यांवनं पिशव्या उचलल्या, म्हणाला,
पुलाखाली भेटू.

पुलाखाली पोलीस भेटले.

शाबीनं पाण्यात उडी टाकली.
तिसऱ्या दिवशी खाजनाच्या मानशीत अडकलेला मिळाला,
अंगावर चिखल, तोंडात चिखल,
मनगटावर घड्याळ. चालू होतं म्हणे.

नऊ वर्षं.
सुटल्यावर म्हाताऱ्या गॅरेजवाल्यानं ठेवून घेतलं,
मागच्या शेडमध्ये,
जिथं गिऱ्हाईक डोकावत नाही.
काल तिथं एक गाडी आली,
दाराचं लॉक अडकतं म्हणून.
मी ते दुरुस्त केलं.
म्हणजे आता ते कायमचं अडकेल.
हँडब्रेकची तारही बघितली जाता जाता,
त्याचे पैसे लावले नाहीत.

नदीच्या मधोमध दिवे लांब राहतात.
मी चाकाखालचा ठोकळा पायानं सरकवला.
खलाशानं फळी खाली सोडली,
न सांगता, शीळ घालत.
त्याच्या मनगटावर जुनं घड्याळ आहे,
पट्टा नवा.

काचेवर आतून थापा.
एवढ्या तिजोऱ्या उघडल्या,
आतून कुणी ठोठावलं नव्हतं कधी.

मग नुसतं पाणी.

चोडणला उतरताना खलाशी म्हणाला,
गाडीचं तिकीट मी फाडलंच नव्हतं.