तळापासून

जंत्रीतून तार ओढतो मी.
एकेका भोकागणिक चांदी बारीक होत जाते,
शेवटच्या भोकातून निघते ती केसाएवढी.
केसाएवढी म्हणजे किती,
मला वाटायचं मला ठाऊक आहे.

वीस वर्षं हुपरीत, पाटावर मांडी घालून,
लोकांच्या पोरींच्या पैंजणांना घुंगरं डाकत बसलो.
माकडहाडापाशी गाठ आली.
आई म्हणाली, केसतोड असंल, पोटीस बांध.
फुटली. वाळली. दिवाळीच्या घाईत परत आली.
चड्डीवरचा पिवळा डाग रात्री मोरीत मीच धुवायचो,
बायकोनं विचारलं तर म्हणायचो, मशीनचं तेल.

राजारामपुरी, दुसरा मजला, डॉक्टर शिंत्रे.
बाई असतील हे कुणी सांगितलंच नव्हतं.
पालथा पडून समोरच्या कॅलेंडरावरची तारीख
मी तीनदा वाचली.

पायलोनायडल सायनस, त्या म्हणाल्या,
आणि औषधाच्या चिठ्ठीमागं पेनानं काढून दाखवलं:
हे वर भोक, सुईच्या टोकाएवढं.
हा खाली बोगदा.
ह्यात केस.
इथं उगवलेला असंल असं नाही,
गळलेला, कुठूनतरी आलेला,
बसून बसून, घासून घासून, टोकानं कातडीत शिरला
आणि आत ओढला गेला.

ओढला गेला!
म्हणजे वीस वर्षं जंत्री मीच होतो.

पाठीत एक सुई, मग पाय दुसऱ्या कुणाचे तरी.
भोकातून निळा रंग सोडला म्हणे,
जिथवर बोगदा तिथवर निळं,
आणि निळं तेवढं सगळं काढलं.
बाटलीत चिमूटभर केस दाखवले नंतर.
एवढ्यासाठी?

"शिवलं न्हाई?" आप्पांनी विचारलं.
"काहींचं शिवतो. ह्यांचं उघडं ठेवलंय.
वरचं आधी मिटलं तर आत पोकळी राहील.
तळापासून भरत येऊ दे."
आप्पांनी मान डोलावली,
धंद्यातलं कुणी भेटल्यासारखी.
"ओतीव कड्याचं तसंच असतंय, बाई.
वरचं आधी थिजलं की आत पोकळ."

चार दिवस एसटीनं ये-जा केली ड्रेसिंगला,
उभ्यानं, दांडी धरून.
कंडक्टर म्हणायचा, बसा की, जागा हाय.
काय सांगू त्याला.
पाचव्या दिवशी नर्सनं घरच्यांना शिकवलं.
सुजाताला घेरी आली.
आप्पा म्हणाले, आणा हिकडं.

बहात्तर वर्षांचे आप्पा.
चहा दिला की कप बशीवर वाजतो त्यांच्या हातात.
पण चिमटा उचलला की हात थांबतो.
रोज दिवस मावळायच्या आत, जेवणाआधी,
साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन, मोजे चढवून,
दुकानातला नव्हे, नवा, उकळलेला चिमटा घेऊन
ते बापडे माझ्या ढुंगणाशी वाकून बसायचे.
दोन वर्षांचा होतो तेव्हा बघितलं असंल त्यांनी ते शेवटचं.
मी उशीत तोंड खुपसून.
दोघंही बोलायचो नाही.
एकदाच म्हणाले, "रंग चांगला हाय.
डाळिंबाच्या दाण्यागत."

पहिल्या दिवशी वीतभर गॉज आत गेला.
पंधरवड्यानं चार बोटं.
मग बोटभर, मग पेरभर,
मध्ये एक आठवडा काहीच हललं नाही
आणि मी त्यांच्यावर ओरडलो, उगीच.
आठवड्यातून एकदा आजूबाजूचे केस भादरायचे,
वस्तरा आणि फुंकर,
एकही परत आत जाता कामा नये म्हणून
बॅटरी लावून बघायचे, चाळिशीवर भिंग धरून,
कस बघावा तसं.

आता अर्ध्या तासाला उठतो पाटावरनं.
मोबाईल वाजतो, शेजारचे कारागीर हसतात.
हसू देत.

परवा नेहमीसारखा आप्पांनी चिमटा उकळला,
वाकले, बघितलं, परत बघितलं.
"आता आत जात न्हाई," म्हणाले,
काही हरवल्यासारखे.
चिमटा पुसला, फडक्यात गुंडाळून ठेवला.
मग सुजातानं दिलेला चहा उचलला.
कप वाजत होता.