जमिनीकडचा वारा

इथं हापसालूला मार्चमध्येही खाडी गोठलेली असते,
आणि डब्याच्या बुडाशी छापलेलं असतं: मार्च.
तो तिकडचा मार्च.
हॉप्सच्या वेली नुकत्या उतरवलेल्या,
बोटं चिकट, कडू,
घाम पुसायला बाहीची कोरडी जागा उरलेली नाही
असा मार्च.
माझ्या दुकानात पोचेपर्यंत त्याचा सप्टेंबर होतो.
विषुववृत्त ओलांडून आलेली बिअर जरा थकलेली असते.
तिला लगेच बोलतं करू नये,
रात्रभर तळघरात पडू द्यावं.

युलो शनिवारी येतो, चारच्या ठोक्याला.
टोपी काढत नाही.
काउंटरवर शाळेतला ॲटलास उघडतो,
रशियन अक्षरांतला, पाठीला चिकटपट्टी लावलेला.
डब्यागणिक टाचणीचं एक भोक.
टास्मानियाची तर पार चाळण झालीय.
"लेएलो, आज कुठलं गाव?"

एक होती लोकरीच्या जुन्या गोदामात गाळलेली,
डब्यावर चष्मा लावलेला वॉम्बॅट.
एक खारट, किनाऱ्यावरच्या पाल्याची,
आमच्या धुरावलेल्या किलू माशाबरोबर झकास.
एक काळी, बाभळीच्या कुळातल्या कसल्याशा बिया भाजून घातलेली,
कॉफी समजून फसावं अशी.
एकीला अशा फळाचा वास
जे माझ्या आईनं जन्मात पाहिलं नाही.
मी हरखून जायची. वहीत लिहायची.
युलो ग्लासात नाक खुपसायचा,
डोळे मिटून थांबायचा,
आणि ग्लास खाली ठेवायचा.
"ही नव्हे."

सत्तावीस वेळा.

नोव्हेंबरात एकदा वादळानं वीज गेली,
मेणबत्तीत माणूस जरा जास्त बोलतो.
"एकोणऐंशी साल. ट्रॉलरवर रेडिओ माझ्याकडे.
फ्रीमँटलबाहेर दोन रात्री नांगर टाकून होतो.
उतरायला बंदी. कठड्याशी पक्षाचा माणूस
आम्हालाच मोजत उभा.
मी दिवे मोजले. एकशे बारा.
पहाटे वारा फिरला, जमिनीकडून आला.
भिजलेलं धान्य, भाजलेलं, गोडसर.
कुणीतरी म्हणालं, बिअर गाळतायत.
बस. त्या देशातलं माझ्या वाट्याला आलं ते एवढंच."

मी त्याला न सांगता पत्र टाकलं,
पत्ता वॉम्बॅटवाल्या डब्यावरचा.
ब्रॉनविन टास्कर, ब्रुअर, तिनं उत्तर धाडलं.
अक्षर घाईचं, कागदावर ओल्या ग्लासाचं वर्तुळ.
"सासऱ्यांना विचारलं. ते तेव्हा तिथंच राहायचे.
बंदराच्या अंगाला बिस्किटांचा कारखाना होता, म्हणाले,
पहाटे तीनला भट्ट्या पेटायच्या.
तुमच्या मित्राला सांगा,
गेली पंचेचाळीस वर्षं ते बिस्किटं शोधतायत."

दोन शनिवार पत्र गल्ल्यातच राहिलं.
कुणाच्या तोंडचा घास काढावा तसं वाटत होतं.
तिसऱ्या शनिवारी वाचून दाखवलं.
फ्रिज घरघरत राहिला.
युलो डब्यांच्या रांगेकडे बघत होता,
जणू त्यांनीच त्याला गंडवलं होतं.
मग पोटातून कुठूनसं हसू सुटलं,
इतकं की टोपी खाली पडली.
सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचं टक्कल पाहिलं मी,
त्यावर एक जुना, नीट न शिवलेला व्रण.
"बिस्किटं!" टेबलावर हात आपटत म्हणाला.
"मारी की क्रीमची, ते विचारलं नाहीस?"

अठ्ठाविसावा डबा मीच उघडला.
फेस वर आला, कडेवरून ओघळला.
त्यानं नाक लावलं नाही,
डोळे मिटले नाहीत,
तहान लागलेल्या माणसासारखा सरळ प्यायला.
ओठावरचा फेस मनगटानं पुसला.
"बरी आहे."
आणखी एक घोट.
"खरंच बरी आहे गं."
ॲटलास उघडाच होता, टाचणी पुसटशी चमकत होती.
कुठल्या गावची, ते विचारायचं राहूनच गेलं.