सातवं गाणं

रविवारी सकाळी साडेसातला
तलावपाळीच्या एका बाकावर, ज्याची मधली फळी गेली आहे,
आम्ही पाचजण दाटीवाटीनं बसतो आणि भांडतो
शनिवारी रात्री ऐकलेल्या गोष्टीवरून,
जी खरं तर आम्ही पन्नास वर्षांपूर्वीच ऐकली होती.

'उतरंड' पुन्हा लावतायत ना रेडिओवर.
दर आठवड्याची सोळा गाणी, खालून वर,
तोच निवेदक, आकडा सांगण्याआधीचा
तोच त्याचा जीवघेणा थांबा.
फक्त चांदणी दंतमंजनाची जाहिरात कापलीय.
वाधवा म्हणतो, बरं झालं.
फिलोमिना म्हणते, काय बरं झालं?
त्या जाहिरातीत मी भात उतरवायचे.
आता गाण्याला लागून गाणं, गाण्याला लागून गाणं,
माणसानं उठायचं कधी?

मोरेश्वर नाखवा चेंदणीचा. त्याचं दुखणं निराळं.
खरखर कुठे गेली, विचारतो.
खाडीवरून वारा सुटला की आवाज ओहोटीला लागायचा,
आणि परत यायचा तेव्हा गाणं संपलेलं.
'निम्मी गाणी मी अर्धीच ऐकली रे, उरलेली मनानं पुरी केली.
आता सबंध ऐकतो,
तर माझीच बरी होती.'

वाद हाताबाहेर गेला की टिपणीसांची वही उघडते.
आडनावाला जागलेला माणूस.
वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या रद्दीतल्या हजेरीवह्या,
मागच्या बाजूनं गुरुवारागणिक भरलेल्या:
सोळा ओळी निळ्या शाईत, पहिला क्रमांक तेवढा लाल.
वही म्हणेल ते खरं. हरेल त्यानं चहा पाजायचा.

काल त्र्याहत्तरचा डिसेंबर लागला.
ते नावाड्याचं गाणं सातवं आलं.
वहीत पहिलं. लाल.

वाधवा बाकावरून उठलाच.
'वही खोटी!'
फिलोमिना म्हणाली, टेप बदलली असेल.
मी म्हणालो, आठवडा चुकला असेल.
नाखवानं पान उन्हात धरलं,
लाल ओळीखाली काहीतरी खरवडलेलं दिसत होतं.

टिपणीसांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
'इंदू सिव्हिलमध्ये होती. कावीळ.
वॉर्डात रेडिओ नाही.
शुक्रवारी चारला मी गेलो, तर तब्येतीचं राहिलं बाजूला,
पहिला प्रश्न, माझं कितवं आलं?
डोळे हळदीसारखे झाले होते तिचे.
सातवं कसं म्हणू?
घरी आल्यावर ती वही बघणार, म्हणून वहीही बदलली.
पण पहिलं गाणं एकदम अकरावर कसं घसरेल?
मग पुढच्या गुरुवारी दुसरं ठेवलं, मग चौथं, मग सहावं,
असं हात धरून जिना उतरवलं त्याला.
महिनाभर बाकीची गाणी खाली सरकवत बसलो.
त्या बिचाऱ्यांचा काय दोष होता?'

कुणी काही बोललं नाही.
पायवाटेवर एकजण उलटा चालत व्यायाम करत होता.

'आणि काल रात्री?' फिलोमिनानं विचारलं. 'वहिनी जाग्या होत्या?'

'शेजारीच. लसूण सोलत होती.'

'सातवं म्हणाला तेव्हा?'

'तेव्हा हात थांबला.
माझ्याकडे बघितलं नाही.
म्हणाली, हल्ली काहीही सांगतात हे लोक.
पत्र टाका त्यांना.'

वाधवाचं दुकान उघडायला अजून अवकाश होता,
तरी तो कोपरीला जाऊन लेटरपॅड घेऊन आला,
वर गणपती आणि झुलेलाल दोन्ही असलेलं.
मजकूर मी सांगितला, लिहिला टिपणीसांनीच,
अक्षर वहीशी जुळायला हवं म्हणून:
आपल्या प्रसारणात गंभीर चूक आढळली,
सदर गाणे सातवे नसून पहिले होते,
पुरावा सोबत जोडला आहे.

खाली पहिली सही वाधवाची.
चहाही त्यानंच पाजला,
हरल्यासारखा, कपाळावर आठी घालून.

पुढच्या शनिवारी ते दुसरं यायला पाहिजे.
बघू.